उपाशी शरीराचा जमाखर्च



आधी एक छोटे गणित करू या. एखाद्या प्रौढ माणसाला दिवसभराच्या अन्नातून साधारण २००० किलोकॅलरी ऊर्जा मिळते असे धरा. (आहाराविषयी बोलताना आपण ज्याला नुसते 'कॅलरी' किंवा 'उष्मांक' म्हणतो, ती खरे तर किलोकॅलरी असते.) एक किलोकॅलरी म्हणजे ४१८४ ज्यूल. तेव्हा दिवसाची ऊर्जा झाली सुमारे ८४ लाख ज्यूल. दिवसाचे सेकंद ८६,४००. आता भागाकार करा. उत्तर येते सेकंदाला सुमारे ९७ ज्यूल, म्हणजेच ९७ वॅट. काचेच्या फुग्यातली तार तापवून उजेड देणारे शंभर वॅटचे जुने दिवे तुमच्या आईवडिलांना आठवत असतील. माणसाचे शरीर हा तसलाच एक दिवा आहे, आणि तो रात्री झोपेतही विझत नाही.

झोपेत ही ऊर्जा कशासाठी लागते? हृदय चालू असते, श्वास चालू असतो, शरीर ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास उबदार ठेवायचे असते. मेंदूचे वजन शरीराच्या दोन टक्केच. पण विश्रांतीच्या वेळी होणाऱ्या एकूण खर्चाचा जवळजवळ पाचवा हिस्सा एकटा मेंदू घेतो. मेंदू, यकृत, हृदय आणि मूत्रपिंडे एवढीच इंद्रिये मिळून या खर्चाचा निम्म्याहून अधिक भाग उचलतात. शिवाय तुम्ही अजून वाढत आहात. उंची वाढवायची, हाडे भरायची, स्नायू घडवायचे, हा खर्च आणखी वेगळा. म्हणून वरचा २००० चा आकडा गणितापुरता धरा. प्रत्येकाची गरज वयाप्रमाणे आणि कामाप्रमाणे निराळी असते.

हे सारे सांगण्याचे कारण असे की, अलीकडे तुमच्या वयाची मुले-मुली हा दिवा हाताने मंद करू पाहतात. कोणी डबा तसाच परत नेते, कोणी घरी 'मैत्रिणीकडे खाल्ले' असे सांगते, कोणी लपून खूप खाते आणि मग त्याची धास्ती घेते. यातल्या काहींच्या बाबतीत ती चार दिवसांची लहर असते. काहींच्या बाबतीत मात्र तो आजार असतो, आणि त्याकडे दुर्लक्ष केले तर तो जीवही घेऊ शकतो. या आजारांना 'आहारविकार' म्हणतात. ते समजून घ्यायचे तर शरीराचा जमाखर्च नीट समजला पाहिजे.

भट्टी की संसार?

ऊर्जा निर्माण होत नाही आणि नष्टही होत नाही, हा नियम तुम्ही पदार्थविज्ञानात शिकता. तो जिवंत माणसालाही लागू पडतो का? १८९० च्या दशकात अमेरिकेत कनेक्टिकट राज्यातील वेस्लियन विद्यापीठात रसायनशास्त्रज्ञ विल्बर ॲटवॉटर आणि पदार्थवैज्ञानिक एडवर्ड रोझा यांनी याचा कस लावला. माणूस आत राहू शकेल अशी एक बंदिस्त खोली त्यांनी उभारली. खोलीतल्या नळ्यांमधून थंड पाणी खेळवले. आतल्या माणसाच्या शरीरातून निघालेली उष्णता ते पाणी घेऊन जाई. पाणी किती आणि ते किती अंशांनी तापले, यावरून उष्णता मोजता येई. माणसे या खोलीत कित्येक दिवस राहत. त्यांचे अन्न, श्वास, मलमूत्र सारे मोजले जाई. जमा आणि खर्च यांचा मेळ उत्तम बसला. नियम माणसालाही लागू आहे हे सिद्ध झाले.

येथेच बरेच लोक घाईने एक निष्कर्ष काढतात. ते म्हणतात, "मग सोपे आहे. खाणे निम्मे केले की उरलेली ऊर्जा चरबी जाळून येईल. जितकी कपात, तितकी चरबी कमी. साधी वजाबाकी!" या वजाबाकीत एक गोष्ट गृहीत धरली आहे. जमा कमी झाली तरी खर्च पूर्वीइतकाच राहील, असे आपण मानले. भट्टीच्या बाबतीत ते चालेल. पण शरीर एखाद्या संसारासारखे वागते. घरात येणारा पगार निम्म्यावर आला तर घरातली शहाणी माणसे काय करतात? शिल्लक मोडतात हे खरे, पण त्याच दिवसापासून खर्चही कमी करतात. आधी नवे कपडे बंद, मग घराची डागडुजी बंद, मग मुलांची शिकवणी बंद.

शरीर कोणकोणते खर्च कमी करते, हे एका प्रसिद्ध प्रयोगातून जगाला कळले.

मिनेसोटातील छत्तीस तरुण

दुसरे महायुद्ध संपत आले होते. युरोपातील लक्षावधी लोक उपासमारीत होते. आपल्याकडे बंगालचा भीषण दुष्काळ १९४३ मध्ये होऊन गेला होता. युद्धानंतर या उपाशी माणसांना पुन्हा कसे सावरायचे, याची शास्त्रशुद्ध माहिती कोणाकडेच नव्हती. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठातले शरीरक्रियाशास्त्रज्ञ ॲन्सेल कीझ यांनी ती मिळवायचे ठरवले. त्यांची प्रयोगशाळा विद्यापीठाच्या क्रीडांगणाच्या प्रेक्षागाराखाली होती. ज्यांनी सदसद्विवेकबुद्धीला स्मरून हातात शस्त्र घेण्यास नकार दिला होता आणि ज्यांना त्याऐवजी दुसरी राष्ट्रीय सेवा दिली होती, अशा तरुणांमधून ३६ जण स्वेच्छेने पुढे आले. शरीराने धडधाकट आणि मनाने खंबीर अशांचीच निवड झाली होती.

नोव्हेंबर १९४४ मध्ये प्रयोग सुरू झाला. पहिले १२ आठवडे भरपेट जेवण देऊन सगळी मोजमापे घेतली. फेब्रुवारी १९४५ पासून २४ आठवडे त्यांचे अन्न जवळजवळ निम्म्यावर आणले. ध्यानात घ्या, त्यांना पूर्ण उपाशी ठेवले नव्हते. दिवसातून दोन वेळा पाव, बटाटे, सलगमासारखी कंदमुळे, मॅकरोनी असे जेवण मिळत होते. त्याच्या जोडीला आठवड्याला २२ मैल, म्हणजे सुमारे ३५ किलोमीटर, चालणे सक्तीचे होते. अखेरपर्यंत ३२ जण टिकले.

चोवीस आठवड्यांनी त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांशाने घटले. पण विश्रांतीतील ऊर्जेचा खर्च किती घटला? सुमारे ४० टक्क्यांनी! आता हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. शरीर लहान झाले म्हणून खर्च कमी झाला, एवढेच कारण असते तर दोन्ही घटी साधारण सारख्या असत्या. खर्च त्याहून बराच अधिक घटला. याचा अर्थ शरीरातला उरलेला प्रत्येक किलो पूर्वीपेक्षा कमी ऊर्जेत दिवस काढू लागला. संसाराची काटकसर म्हणतात ती हीच.

ही काटकसर डोळ्यांना दिसत होती. विश्रांतीतील नाडी मिनिटाला सरासरी ५५ च्या आसपास होती, ती ३५ च्या आसपास आली. शरीराचे तापमान उतरले आणि ऐन जुलैच्या उन्हाळ्यात ही मंडळी पांघरूण मागू लागली. केस गळू लागले, पायांवर सूज आली, जिने चढताना दम लागू लागला. कातडीखाली चरबी उरली नाही, त्यामुळे साध्या लाकडी खुर्चीवर बसणेही दुखू लागले. आणि चरबीबरोबर स्नायूही गेले होते.

मनाचे काय झाले?

याहून विलक्षण बदल मनात झाले. हे सगळे तरुण बुद्धिमान होते. सुरुवातीला ते विद्यापीठातील वर्गांना बसत, राजकारण आणि धर्म यांवर वाद घालत, थट्टामस्करी करत. हळूहळू हे सगळे थांबले. अभ्यासावर लक्ष लागेना. कोणाशी बोलावेसे वाटेना. क्षुल्लक कारणावरून चिडचिड होऊ लागली. काहींना खोल उदासीनतेने घेरले.

डोक्यात एकच विषय उरला, तो म्हणजे अन्न. ज्यांनी आयुष्यात कधी चूल पेटवली नव्हती, ते पाककृतींची पुस्तके कादंबरीसारखी वाचू लागले. काही मिनिटांत संपणारे जेवण ते तासभर पुरवत. बशी चाटून पुसून लख्ख करत. काहींनी कॉफी आणि च्युइंग गम यांचा इतका सपाटा लावला की त्यांवर मर्यादा घालावी लागली. आणखी एक नोंद मला फार महत्त्वाची वाटते. हाडांचे सापळे झालेल्या यातल्या काहींना आपण फारसे रोड झालो आहोत असे वाटेनासे झाले. उलट आजूबाजूची माणसेच जाड दिसू लागली!

प्रयोगाचा हा भाग संपल्यावर जेवण वाढवले तेव्हा तरी सारे सुरळीत झाले का? लगेच नाही. पोट तुडुंब भरले तरी काहींची भूक शमेना. अनावर खाण्यामुळे काही जण आजारी पडले. मन थाऱ्यावर यायला कित्येक महिने लागले. १९५० मध्ये कीझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही सर्व माहिती दोन जाड खंडांत प्रसिद्ध केली.

या तरुणांना कोणताही मानसिक आजार नव्हता. त्यांचे आईवडील, बालपण, स्वभाव यांत काही खोट नव्हती. जे घडले ते केवळ भुकेने घडवले. आहारविकाराच्या रुग्णांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना पुढे या प्रयोगातून मोठा उलगडा झाला. चिडचिड, एकलकोंडेपणा, अन्नाचाच सतत विचार, लक्ष न लागणे, ही रुग्णांत दिसणारी कितीतरी लक्षणे उपाशी मेंदूची असतात. लोक त्यांनाच 'हट्ट' किंवा 'नखरे' म्हणतात.

तीन मुख्य विकार

मिनेसोटाच्या तरुणांना खायचे होते, पण मिळत नव्हते. आहारविकारात ताट समोर असते आणि मनातली भीती हात धरून ठेवते.

पहिला विकार ॲनोरेक्सिया नर्व्होसा. हे नाव लंडनचे डॉक्टर सर विल्यम गल यांनी १८७३–७४ मध्ये रूढ केले. त्याच सुमारास पॅरिसमध्ये डॉक्टर लासेग यांनीही अशाच रुग्णांचे वर्णन केले होते. तेव्हा हा आजार रील पाहणाऱ्या पिढीने काढलेला नाही, हे लक्षात ठेवा. 'ॲनोरेक्सिया' या शब्दाचा अर्थ 'भूक न लागणे'. हे नाव फसवे आहे. रुग्णाला बहुधा भूक लागते. पण वजन वाढण्याची भीती भुकेहून बलवत्तर ठरते. वजन धोक्याच्या पातळीखाली गेले तरी आरशात स्वतःचे शरीर जाडच दिसते. १९८३ मध्ये कॅरेन कारपेंटर ही प्रसिद्ध अमेरिकन गायिका अवघ्या ३२ व्या वर्षी या आजारामुळे हृदय बंद पडून वारली, तेव्हा सामान्य लोकांचे लक्ष प्रथम याकडे वेधले गेले.

दुसरा बुलिमिया नर्व्होसा. डॉक्टर जेराल्ड रसेल यांनी १९७९ मध्ये त्याचे वर्णन केले. यात माणूस थोड्या वेळात, ताबा सुटल्यासारखा, पुष्कळ खातो आणि नंतर ओकारी काढून, जुलाबाची औषधे घेऊन किंवा कडक उपास करून ते 'फेडू' पाहतो. अशा रुग्णाचे वजन पुष्कळदा सर्वसाधारणच असते. त्यामुळे घरच्यांना वर्षानुवर्षे पत्ता लागत नाही.

तिसऱ्या विकारात अनावर खाणे असते, पण ते 'फेडण्याचा' प्रयत्न नसतो. त्याला बिंज ईटिंग विकार म्हणतात. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये आपल्या निदानपुस्तिकेत त्याला स्वतंत्र स्थान दिले.

येथे मिनेसोटाची आठवण ठेवा. फार काळ अर्धपोटी राहिलेले शरीर संधी मिळताच अन्नावर तुटून पडते. दिवसभर उपाशी राहायचे, रात्री ताबा सुटायचा, मग अपराधी वाटून दुसऱ्या दिवशी आणखी कडक उपास, असे हे रहाटगाडगे आहे. ते फिरते ठेवण्याचे काम उपासच करतो, आणि रुग्णाला मात्र वाटते की आपली इच्छाशक्ती कमी पडली.

शरीर कोठे कोठे झिजते?

हाडांपासून सुरुवात करू. आयुष्यभर पुरायची हाडांची ठेव तुमच्याच वयात भरली जाते. मुलींमध्ये अठराव्या आणि मुलांमध्ये विसाव्या वर्षापर्यंत कमाल ठेवीचा नव्वद टक्क्यांपर्यंत भाग जमा होतो. ऊर्जा कमी पडली की शरीर प्रजननाचा खर्च थांबवते. त्यामुळे मुलींची मासिक पाळी बंद पडते आणि इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटते. हाडे बळकट ठेवण्यात या संप्रेरकाचा मोठा वाटा असतो. ते घटले की ठेव भरण्याऐवजी मोडू लागते. वजन पुढे भरून निघाले तरी हाडांची ही तूट पूर्ण भरून निघेलच असे नाही. उंची वाढण्याच्या काळात उपासमार झाली तर उंचीही खुंटू शकते.

आता हृदय. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यामागे विजेची क्रिया आहे. स्नायूच्या पेशीच्या आत पोटॅशियमचे आयन भरपूर असतात, बाहेर थोडे. या फरकामुळे पेशीच्या पातळ आवरणाच्या दोन बाजूंत सुमारे ९० मिलिव्होल्ट इतका विद्युत दाब तयार होतो. घड्याळातल्या सेलच्या दीड व्होल्टच्या मानाने हा क्षुल्लक. पण त्यावर आपले प्राण चालतात. वारंवार ओकाऱ्या आणि जुलाब यांमुळे शरीरातील पोटॅशियम घटते, हा दाब बिघडतो आणि ठोक्यांची लय चुकते. बाहेरून ठणठणीत दिसणारी व्यक्ती अशाने एकाएकी कोसळू शकते.

दातांचे गणित रसायनशास्त्राच्या तासाला करून पाहा. पोटातल्या आम्लाचा सामू दोनच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असतो. दातावरचे कठीण कवच साधारण साडेपाच सामूच्या खाली विरघळू लागते. सामूची मोजणी दहाच्या घातांत होते. म्हणजे दाताला जेवढे आम्ल जेमतेम सोसते, त्याच्या हजारो पट तीव्र आम्ल प्रत्येक ओकारीबरोबर दातांवरून जाते. पुष्कळदा हा आजार सर्वांत आधी दंतवैद्याच्या ध्यानात येतो तो यामुळेच.

आणखी एक सावधगिरीची गोष्ट. फार दिवस उपाशी राहिलेल्याला एकदम भरपूर खाऊ घालणेही धोक्याचे असते. पेशी अन्न वापरायला लागल्या की रक्तातील फॉस्फेट, पोटॅशियम वगैरे झपाट्याने आत ओढून घेतात; रक्तात त्यांचा तुटवडा पडून हृदय बंद पडू शकते. म्हणून अतिशय खंगलेल्या रुग्णाचे जेवण डॉक्टरांच्या देखरेखीखालीच पायरीपायरीने वाढवावे लागते. मानसिक आजारांमध्ये सर्वाधिक मृत्यू घडवणाऱ्यांत ॲनोरेक्सियाची गणना होते. आता या आजाराला 'नखरे' म्हणायचे का, हे तुम्हीच ठरवा.

कारण एकच नसते

हा आजार कशामुळे होतो? जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून अनुवंशाचा वाटा आहे असे दिसते. सगळे काही अगदी अचूक हवे असा स्वभाव, मनातील चिंता, वयात येताना शरीरात होणारे बदल, यांचाही हातभार लागतो. वयात येताना मुलींच्या शरीरात चरबी वाढते ती निसर्गाच्या नियमाने. नेमके तेव्हाच कोणी टोमणा मारला, तर तो खोल रुततो. वजनगटाच्या कुस्तीसारख्या खेळांत, जिम्नॅस्टिक्समध्ये, नृत्यात वजनावर सतत नजर असते. तेथे धोका वाढतो. आणि हा आजार मुलींनाच होतो हा गैरसमज आहे. मुलांनाही होतो. फरक इतकाच की पिळदार शरीराच्या हव्यासाआड तो दडून राहतो.

भोवतालच्या चित्रांचा परिणाम किती होतो, याविषयी फिजी बेटांवर झालेला एक अभ्यास वाचनीय आहे. फिजीच्या परंपरेत भरलेले, धष्टपुष्ट शरीर चांगले मानले जाई. कोणाची भूक कमी झाली तर घरचे काळजीत पडत. नाद्रोगा प्रांतात १९९५ मध्ये दूरचित्रवाणी आली. हार्वर्डच्या मानसोपचारतज्ज्ञ ॲन बेकर यांनी त्याच वर्षी तेथल्या माध्यमिक शाळेतील मुलींची एक प्रश्नावली भरून घेतली आणि १९९८ मध्ये पुन्हा त्याच वयाच्या मुलींकडून तीच भरून घेतली. आहारविकाराकडे झुकणारी उत्तरे देणाऱ्या मुलींचे प्रमाण १२.७ टक्क्यांवरून २९.२ टक्क्यांवर गेले. वजन आटोक्यात ठेवण्यासाठी ओकारी काढतो असे १९९५ मध्ये एकीनेही सांगितले नव्हते. १९९८ मध्ये ११.३ टक्के मुलींनी तसे सांगितले.

विज्ञानाचे विद्यार्थी म्हणून येथे तुम्ही शंका काढली पाहिजे. प्रत्येक वेळी मुली साठ-पासष्टच होत्या, आणि दोन्ही वेळच्या मुली वेगळ्या होत्या. तीन वर्षांत फिजीत दूरचित्रवाणीखेरीज इतरही गोष्टी बदलल्या असतील. म्हणून या एकाच अभ्यासावरून 'दूरचित्रवाणीमुळेच आजार होतो' असे म्हणता येणार नाही. पण मुलाखतींमध्ये त्या मुलींनी पडद्यावरच्या नट्यांसारखे दिसावेसे वाटते असे स्वतःच सांगितले होते. त्यांच्याकडे घरातला एक दूरदर्शन संच होता. तुमच्या हातात मोबाईल आहे आणि त्यावरची चित्रे तर यंत्राने नाक-कंबर बारीक करून दाखवलेली असतात.

काटा काय सांगतो, काय सांगत नाही

वजनाला उंचीच्या वर्गाने भागून येणारा बीएमआय तुम्ही ऐकला असेल. हे सूत्र एकोणिसाव्या शतकात बेल्जियमचे खगोलशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ ॲडॉल्फ केटले यांच्या कामातून आले. त्याला आजचे नाव मिळाले १९७२ मध्ये, आणि ते दिले मिनेसोटाच्या त्याच ॲन्सेल कीझ यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी, प्रौढ पुरुषांच्या मोजमापांवरून. हाडे, स्नायू आणि चरबी यांतला फरक या सूत्राला कळत नाही. वाढत्या वयातील मुलांसाठी तर वयानुसार वेगळे तक्ते पाहावे लागतात. आणि मघाशी सांगितल्याप्रमाणे, वजन सर्वसाधारण असूनही आहारविकार असू शकतो. म्हणून इंटरनेटवरच्या गणकयंत्रात आकडे भरून स्वतःचे निदान करू नका.

मग एकादशीचा किंवा श्रावणी सोमवारचा उपास हाही आजार म्हणायचा का? मुळीच नाही. निरोगी माणूस उपास सोडतो तो आनंदाने, चार माणसांत बसून, आणि दुसऱ्या दिवशी विसरून जातो. आजारी व्यक्तीला उपास सोडण्याची भीती वाटते. उपासाचे निमित्त वारंवार पुढे येऊ लागले, जेवणाची वेळ आली की अंग चोरणे सुरू झाले, तर मात्र घरच्यांनी लक्ष द्यावे.

आपण काय करावे?

शेजारच्या बाकावरची मैत्रीण किंवा मित्र सतत डबा टाळतो, जेवल्याबरोबर न्हाणीघरात जातो, उन्हाळ्यातही थंडी वाजते म्हणतो, चक्कर येते, बोलणे तुटले आहे, स्वतःच्या शरीराविषयी सारखे वाईट बोलतो, असे दिसले तर त्याला एकांतात भेटा. 'किती वाळलीस!' किंवा 'खा की गुपचूप!' असे म्हणू नका. 'तू हल्ली बरी दिसत नाहीस, मला काळजी वाटते' इतके पुरे. मग ही गोष्ट विश्वासातल्या मोठ्या माणसाच्या, आईवडिलांच्या किंवा शिक्षकांच्या कानावर घाला. ही चहाडी ठरत नाही. ताप चढलेल्या मित्राला आपण डॉक्टरांकडे नेतोच ना?

तुम्हांला स्वतःलाच असा त्रास होत असेल, तर एकट्याने झुंजत बसू नका. भारत सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या 'टेलि-मानस' या सेवेचा १४४१६ हा क्रमांक लावून कोणत्याही वेळी विनामूल्य सल्ला घेता येतो, आणि मराठीतही बोलता येते. चक्कर येऊन पडणे, छातीत धडधडणे असे होत असेल तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठा.

हा आजार बरा होतो. लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयात १९८० च्या दशकात पुढे आलेल्या एका उपचारपद्धतीत आईवडिलांना दोषी न ठरवता उपचारात सहभागी करून घेतात. काही काळ मुलांच्या जेवणाची जबाबदारी तेच उचलतात आणि प्रकृती सुधारली की ती हळूहळू मुलांच्या हाती परत देतात. ॲनोरेक्सिया झालेल्या कुमारवयीन मुलांमध्ये या पद्धतीचा चांगला उपयोग होतो. बुलिमियात विचारांची आणि सवयींची घडी बदलणारी मानसोपचाराची पद्धत गुणकारी ठरते. उपचार जितका लवकर, तितकी बरे होण्याची आशा अधिक. कारण मिनेसोटात पाहिल्याप्रमाणे, उपाशी मेंदूला नीट विचार करणेच अवघड जाते. समजूत पटवून मग खाऊ घालू, अशी वाट पाहत बसले तर वेळ निघून जातो. आधी अन्न पोटात जावे लागते, मग समजूत पटू लागते.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. आरोग्यतपासणीच्या दिवशी मुलांची वजने वर्गात मोठ्याने वाचून दाखवू नयेत. पडद्याआड घेऊन वहीत नोंदवावीत. 'ढोल्या', 'काडी पहिलवान' ही नावे वर्गात चालू देऊ नयेत, आणि आपल्या तोंडून तर ती निघूच नयेत. एरवी भरभर उत्तरे देणारी मुलगी एकाएकी गप्प झाली, पेंगुळली, आकडेमोडीत चुकू लागली, तर रागावण्यापूर्वी तिने सकाळी काही खाल्ले आहे का, हे हळूच विचारून पाहावे.